खुब्याचा कृत्रिम सांधा पुन्हा पुन्हा निखळतो तेव्हा

खुब्याच्या सांधेरोपणात मांडीच्या हाडाला कृत्रिम गोळा आणि ओटीपोटाच्या हाडात कृत्रिम वाटी बसवतात. हा गोळा वाटीतून निसटला, तर बहुतेक वेळा भूल देऊन, पाय ओढून तो जागेवर बसवता येतो. चीर द्यावी लागत नाही. पहिल्या काही महिन्यांत एकदाच असे झाले, तर अनेकांचा सांधा पुढे नीट टिकतो. पण तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा निखळला की माणूस खुर्चीत बसायलाही घाबरतो. तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो, आणि कोणता नवा भाग घालायचा हे ठरवण्याआधी गोळा निसटतो कशामुळे, हे शोधायलाच हवे.

पहिला संशय वाटीच्या कोनावर जातो. १९७८ साली लेविनेक आणि सहकाऱ्यांनी वाटीसाठी सुरक्षित मर्यादा सुचवली: कल ३० ते ५० अंश, पुढच्या बाजूला वळण ५ ते २५ अंश. वाटी यापासून फार ढळलेली असेल, तर ती काढून नीट बसवणे हाच खरा उपाय. मात्र या मर्यादेत बसलेल्या वाटीतूनही गोळे निसटतात. त्याचे एक कारण कमरेत असते. आपण बसतो तेव्हा ओटीपोटाची हाडे मागे कलतात, त्यांच्याबरोबर वाटीही फिरते आणि पुढे येणाऱ्या मांडीला जागा मिळते. मणक्याची हाडे जोडलेली असतील किंवा पाठ ताठर झाली असेल, तर हा कल होत नाही. सांध्याची मान, म्हणजे गोळ्याखालचा निमुळता भाग, वाटीच्या पुढच्या काठाला अडते आणि गोळा मागून उचकटतो. म्हणून उभे राहून आणि बसून, असे दोन्ही एक्स-रे बाजूने काढणे मोलाचे ठरते. जंतुसंसर्ग नाही ना, हेही आधी तपासावे लागते.

गोळा मोठा केला, तर बाहेर पडण्यापूर्वी त्याला जास्त अंतर सरकावे लागते. हेच तत्त्व फ्रान्सचे शल्यचिकित्सक जिल बुस्के यांनी १९७०च्या दशकात दुहेरी हालचालीच्या सांध्यात वापरले: लहान गोळा प्लास्टिकच्या मोठ्या गोळ्यात फिरतो, आणि तो मोठा गोळा धातूच्या वाटीत. वारंवार निखळणाऱ्या सांध्यांसाठी आज हा फार उपयोगी पर्याय आहे.

नितंबाचे स्नायूच निकामी झाले असतील, तर वाटीच्या आत गोळ्याला कडीने अडकवून ठेवणारे अस्तर वापरतात. पण मग निसटण्याचा सगळा ताण वाटी आणि हाडाच्या जोडावर येतो आणि वाटी सैल होऊ शकते. त्यामुळे हा पर्याय शेवटी ठेवलेला बरा.