कमी धावलेली जुनी आलिशान गाडी: एक खुलासा

‘आलिशान सेडान जुनी असली तरी मीटरवर आकडा कमी असेल तर डोळे झाकून घ्यावी’, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो अर्धवट आहे. गाडी धावून झिजते तशी उभी राहूनही खराब होते. सस्पेन्शनचे (रस्त्याचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचे) रबरी बुश, म्हणजे सांध्यांतली रबरी अस्तरे, कडक होऊन तडकतात, ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते (म्हणूनच अनेक कंपन्या ते दर २ वर्षांनी बदलायला सांगतात), आणि केवळ जवळच्या फेऱ्या झाल्या असतील तर इंजिन पुरेसे न तापल्याने ऑइलमध्ये पाणी व इंधन साचत जाते. टायरच्या कडेवरच्या निर्मिती-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत: ३२१८ म्हणजे २०१८ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला टायर, मग नक्षी कितीही खोल दिसो, टायरचे वय त्यावरूनच धरावे. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या फुग्यांवर गाडी तोलणारी यंत्रणा) असल्यास गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी पाहावी. एखादा कोपरा खाली बसला असेल, तर बहुधा हवा गळते आहे. गाडीची किंमत उतरली तरी सुट्या भागांची त्या प्रमाणात उतरत नाही, हे विक्रेता सहसा सांगत नाही. माझ्या मते, नियमित देखभालीची सलग बिले असलेली जास्त धावलेली गाडी अधिक भरवशाची.