माजघरातली दुपार आणि उष्णतेचा हिशेब

परभणी-नांदेडकडे एप्रिल सरता सरता पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्याच सुमारास शाळांना सुट्ट्या लागतात, रब्बीची रास घरात आलेली असते आणि पुण्या-मुंबईची भाचरेही येऊन दाखल होतात. म्हणजे वर्षभरात घर सर्वांत जास्त भरलेले असते ते नेमके बाहेर पडू नये अशा दिवसांत. ‘उन्हात हुंदडू नका’ एवढे सांगून वडीलधारी मंडळी मोकळी होतात. पण मग दुपारभर करायचे काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही, कारण त्याच्या उत्तरावर आपल्या शरीरात किती उष्णता तयार होणार हे अवलंबून असते.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर साधारण १०० वॅट उष्णता सतत निर्माण करीत असते, म्हणजे जुन्या काचेच्या पिवळ्या दिव्याएवढी. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असल्यामुळे हवा त्याहून गार असेपर्यंत यातली बरीच उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ४२ अंशांवर गेली की मात्र उष्णता उलट अंगात शिरू लागते आणि घाम वाळणे हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्ण वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. या हिशेबाने वाकळेला टाके घालीत बसलेल्या बाईला स्वतःच्या शरीरातली उष्णता घालवण्यासाठी तासाला पाव लिटरच्या आत घाम पुरतो, तर मैदानात धावपळ करून ५०० वॅट उष्णता तयार करणाऱ्या तरुणाला त्यासाठीच पाऊण लिटर लागतो. बाहेरच्या उन्हाने दिलेली भर यात धरलेलीच नाही. त्यात आपल्याकडची हवा एवढी कोरडी की घाम अंगावर दिसण्याआधीच वाळतो आणि शरीरातले पाणी गेल्याचा पत्ता लागत नाही. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे वेटोळे दिसते, तेव्हा कुठे लक्षात येते.

उन्हाळी कामांची जुनी वाटणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. आमच्या आजीच्या घरी कुरडयांचा दिवस पहाटे चारला सुरू होई. भिजवलेल्या गव्हाचा चीक चुलीवर सतत घाटावा लागतो. त्यात अंगमेहनत आहे, विस्तवाची धग आहे आणि तोंडावर येणारी वाफही आहे. वाफेमुळे भोवतालची हवा दमट होते आणि घाम वाळेनासा होतो, म्हणून दिवसातले हे सर्वांत तापदायक काम दिवसाच्या सर्वांत गार वेळी, म्हणजे सूर्योदयापूर्वी उरकले जाई. कोवळ्या उन्हात माळवदावर धोतर अंथरून सोऱ्याने कुरडया घातल्या की पुढचे काम उन्हाचे. माणसांना दुपारी माजघरात बसून फक्त राखण करायची, आणि तीही चिंचोक्यांचा डाव मांडून. दिवसाचे कमाल तापमान बाराला नव्हे तर तीन-चारच्या सुमारास असते, कारण तोवर जमिनीला मिळणारी उष्णता ती बाहेर टाकीत असलेल्या उष्णतेपेक्षा जास्तच राहते. त्यामुळे ‘ऊन कलले’ म्हणून तीनला बॅट घेऊन निघणारा मुलगा खरे तर सर्वांत वाईट वेळ निवडतो.

आता माळवदाची घरे कमी झाली. जाड दगडी भिंत दुपारची उष्णता आत पोहोचवायला कित्येक तास लावते, पत्र्याला मात्र काही मिनिटे पुरतात. पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात सगळे कुटुंब एका कूलरच्या खोलीत गोळा होते आणि गारवा टिकावा म्हणून दारे-खिडक्या गच्च लावून घेतल्या जातात, ही चूक फार घरांत दिसते. दहा माणसे म्हणजे १,००० वॅट, जवळजवळ चालू ठेवलेली इस्त्रीच. शिवाय कूलर पाणी वाळवून गारवा देतो. बंद खोलीतली हवा दमट झाली की त्याचे पाणी वाळत नाही आणि आपला घामही वाळत नाही. कूलरला मागून बाहेरची कोरडी हवा आणि समोर एक उघडी फट हवीच. वीज असूनही कूलर नसेल आणि हवा ४० अंशांपुढे गेली असेल, तर नुसता पंखा गरम झळा अंगावर मारतो. ओल्या कापडाने अंग पुसून मग त्याखाली बसावे.

डोक्यालाही ऊन लागते, हे शब्दशः खरे आहे. अमेरिकेत बोस्टनमध्ये २०१६ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या गेल्या, तेव्हा वातानुकूलन नसलेल्या वसतिगृहातल्या तरुण, निरोगी मुलांचा प्रतिसाद उष्णतेच्या लाटेत सुमारे १३ टक्क्यांनी मंद आढळला. तेव्हा दुपारी तीनला मुलांना गणिते घालू नयेत. सारीपाट, सागरगोटे, चित्रे रंगवणे, आजोबांच्या ट्रंकेतली जुनी पत्रे लावून ठेवणे, असे हातांना काम आणि डोक्याला सवड देणारे छंद बरे. खेळात रमलेल्या मुलाला तहान आठवत नाही, म्हणून डाव संपला की पेलाभर पाणी किंवा ताक हा नियमच करावा. खिशातल्या कांद्याने उष्णता कमी होत नाही. तो ताकाबरोबर खावा.

या सगळ्यात घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला डावात ओढणे मला महत्त्वाचे वाटते. वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्या शरीरातले पाणी आणखी कमी करतात. शिकागोत जुलै १९९५ मधील लाटेत ७०० हून अधिक माणसे दगावली; नंतरच्या अभ्यासात एकटे राहणाऱ्यांना आणि घराबाहेर न पडणाऱ्यांना धोका जास्त असल्याचे, तर माणसांत मिसळणाऱ्यांना तो कमी असल्याचे दिसले. कारण साधे आहे. उष्माघाताचा पहिला घाला मेंदूवर होतो, त्यामुळे आपले काही बिघडले आहे हे त्या माणसाला स्वतःला कळेलच असे नाही. कवड्यांचे दान नेहमी अचूक मोजणारी आजी चुकीचे आकडे सांगू लागली, असंबद्ध बोलू लागली, तर ते समोर बसलेल्या नातवालाच आधी कळते. अशा वेळी १०८ ला फोन करावा, तोवर अंगावर पाणी ओतून वारा घालावा, आणि शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

सूर्य मावळला तरी स्लॅब रात्री उशिरापर्यंत साठवलेली उष्णता खालच्या खोलीत सोडत राहतो. म्हणून संध्याकाळी गच्चीवर पाण्याचा सडा घालायचा, वाळलेल्या कुरडया डब्यात भरायच्या, आणि अर्धवट राहिलेला सारीपाट उचलून वर न्यायचा.