गोवराच्या लसीने रक्त ‘फुटतं’ का?

डिचोली-साखळीकडे अजून ऐकू येतं: ‘गोवराची लस दिली की पोराचं रक्त फुटतं, अंगावर निळे डाग येतात.’ फेब्रुवारी २०१७ मध्ये गोव्यात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हा तर अशा निरोपांना ऊतच आला होता.

यात खऱ्याचा एक कण आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीनंतर साधारण सहा आठवड्यांत, तीस-चाळीस हजार डोसांमागे एखाद्या मुलाच्या प्लेटलेट घसरतात. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्यांच्यावर उलटते. याला ‘आयटीपी’ म्हणतात. रक्त फुटत नाही, बिघडत नाही. गोठायला मदत करणाऱ्या पेशी तेवढ्या कमी होतात. बहुतेक मुलं काही आठवड्यांत ते महिन्यांत आपसूक बरी होतात.

निरोपात नसतं ते हे: खुद्द गोवर किंवा रुबेला झाला तरी हेच होतं, आणि लसीपेक्षा कितीतरी जास्त वेळा.

पोटरीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर काचेचा पेला त्यावर दाबून पाहा. ठिपके मावळले नाहीत, किंवा नाका-हिरड्यांतून रक्त येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पावसाळ्यात डेंग्यूचीही शंका असतेच, म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका. पपईच्या पानांचा रसही नको. आधी रक्त तपासा. पुढचा डोस द्यायचा की नाही, तेही डॉक्टरच ठरवतील, आत्या-मावशी नव्हे.