शंभर माणसांचा कोटा : क्लेअर बूथ लूस आणि 1946 चा कायदा

2 जुलै 1946 रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी स्वाक्षरी केलेल्या एका कायद्याने भारतीयांना वर्षाला शंभर जणांचा स्थलांतर कोटा दिला आणि अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांना नागरिकत्व मिळवण्याचा हक्क दिला. हा कायदा लूस-सेलर कायदा म्हणून ओळखला जातो. त्यातले सेलर हे ब्रुकलिनचे उदारमतवादी डेमोक्रॅट इमॅन्युएल सेलर, तर लूस म्हणजे कनेक्टिकटमधून निवडून आलेल्या रिपब्लिकन सदस्य क्लेअर बूथ लूस. रूझवेल्टविरोध आणि कम्युनिझमविरोध यांसाठी ख्यातनाम असलेल्या या बाईंचे नाव भारतीयांच्या नागरिकत्वाशी कसे जोडले गेले, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

1790 च्या कायद्याने अमेरिकी नागरिकत्व केवळ ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीं’साठी राखले होते आणि 1870 मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. भारतीय माणूस यांपैकी कोणात बसतो, यावर न्यायालये वेगवेगळी उत्तरे देत राहिली. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना 1910 मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने गोरे ठरवून नागरिकत्व कायम ठेवले. पुढे 1917 च्या कायद्याने भारतासह आशियाच्या फार मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्यांना बंदी झाली, आणि 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दरवाजा बंद केला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराचा गणवेश घातलेले थिंद मानववंशशास्त्राच्या वर्गीकरणात कॉकेशियन असतीलही, परंतु सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते गोरे नाहीत, असे त्या निकालाचे म्हणणे होते. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः नागरिकत्व मिळवलेले होते. सरकारने त्यांच्यावरही खटला भरला; तो त्यांनी जिंकला, पण असे यश फार थोड्यांच्या वाट्याला आले.

या निकालाने एका घराचे काय झाले, तेही सांगायला हवे. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णो दास बगाई 1915 मध्ये पत्नी आणि मुलांसह अमेरिकेत आले होते. 1921 मध्ये त्यांनी नागरिकत्व घेतले, ते थिंद निकालानंतर काढून घेण्यात आले. नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परकीयांना कॅलिफोर्नियात स्थावर मालमत्ता ठेवता येत नसे, त्यामुळे त्यांचे दुकानही गेले. भारतात नातेवाइकांना भेटायला जायचे तर ब्रिटिश प्रजाजन म्हणून पासपोर्ट घ्या, असे त्यांना सांगण्यात आले, आणि ज्या राज्याला नाकारून ते निघाले होते त्याचाच पासपोर्ट घेणे त्यांना मान्य नव्हते. 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि आपली व्यथा मांडणारे पत्र वर्तमानपत्रासाठी मागे ठेवले. 1940 च्या जनगणनेत अमेरिकेत भारतीय वंशाचे लोक अवघे 2,405 होते. एवढ्या लहान समाजाला मतांच्या बळावर कायदा बदलून घेणे अशक्य होते. त्याला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, कोणीतरी आपले म्हणणे उचलून धरणारे हवे होते.

क्लेअर बूथ यांचा जन्म 1903 चा, न्यूयॉर्कचा. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते आणि बालपण पैशाच्या ओढगस्तीत गेले. वयाच्या विसाव्या वर्षी धनाढ्य जॉर्ज ब्रोकॉ यांच्याशी झालेला विवाह 1929 मध्ये घटस्फोटाने संपला. त्यानंतर त्या नियतकालिकांच्या संपादनात शिरल्या आणि नाटककार म्हणून नावारूपाला आल्या. केवळ स्त्री-पात्रे असलेले त्यांचे नाटक 1936 पासून ब्रॉडवेवर साडेसहाशेहून अधिक प्रयोगांपर्यंत गेले. ‘टाइम’ आणि ‘लाइफ’चे मालक हेन्री लूस यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह 1935 चा. 1942 मध्ये ‘लाइफ’साठी त्या भारत, ब्रह्मदेश आणि चीन फिरल्या आणि त्या दौऱ्यात जवाहरलाल नेहरूंनाही भेटल्या. पुढच्या सगळ्या घडामोडींत या प्रवासाचे वजन मोठे होते, असे मला वाटते, कारण काँग्रेसच्या बहुतेक सदस्यांसाठी भारत हे नकाशावरचे एक नाव होते, तर लूस यांनी तिथल्या राजकारणाशी समोरासमोर बोलणे केले होते.

त्याच वर्षाच्या निवडणुकीत त्या कनेक्टिकटच्या चौथ्या मतदारसंघातून निवडून आल्या. त्यांचे सावत्र वडील डॉ. अल्बर्ट ऑस्टिन यांनी पूर्वी हीच जागा भूषवली होती. फेब्रुवारी 1943 च्या पहिल्याच भाषणात त्यांनी उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांच्या जागतिक हवाई मार्ग खुले करण्याच्या कल्पनेवर ‘ग्लोबलोनी’ (‘ग्लोबल’ आणि ‘बलोनी’, म्हणजे निव्वळ बाष्कळपणा) या स्वतः घडवलेल्या शब्दाने प्रहार केला आणि तो शब्द देशभर पसरला. जानेवारी 1944 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी ॲन मोटार अपघातात गेली. ती स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होती. त्या आघातातून सुरू झालेला शोध 1946 मध्ये त्यांच्या कॅथलिक धर्मस्वीकारापर्यंत पोहोचला. पण मुलीच्या मृत्यूनंतर सभागृहातले काम त्यांनी सोडले नाही, आणि 1944 मध्येच थोड्या मतांनी का होईना, पुन्हा निवडूनही आल्या.

चिनी लोकांवरील बंदी डिसेंबर 1943 मध्ये उठली होती आणि लूस यांनी त्याला पाठिंबा दिला होता. त्यानंतर भारतीयांसाठी त्यांनी आणि सेलर यांनी विधेयके मांडली. सभागृहाबाहेर हा प्रश्न सतत जागता ठेवला तो न्यूयॉर्कमधले शीख व्यापारी जे. जे. सिंग आणि त्यांच्या इंडिया लीग ऑफ अमेरिकेने. सदस्यांच्या गाठीभेटी, वर्तमानपत्रांना पत्रे, मान्यवरांच्या सह्या, असे चिकाटीचे काम सिंग यांनी वर्षानुवर्षे केले, आणि त्यांचे श्रेय कायद्याच्या नावात आले नाही म्हणून कमी होत नाही.

विधेयकाच्या बाजूने मांडला गेलेला युक्तिवाद मुळात युद्धाचा होता. अमेरिका आशियाई माणसाला हीन लेखते, असा प्रचार जपान करत होता, आणि भारतीय सैनिक दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढत असताना भारतीयांना वंशाच्या नावाखाली अपात्र ठेवणे हे त्या प्रचाराला खतपाणी घालणे होते. त्याशिवाय स्वतंत्र होऊ घातलेल्या भारताशी मैत्री हवी, आणि आशिया कम्युनिझमकडे झुकू नये, हा विचार लूस यांच्या राजकारणाशी पुरेपूर जुळणारा होता. म्हणून त्यांची ही भूमिका त्यांच्या पुराणमतवादापासून फुटलेली होती, असे मी मानत नाही. शंभराचा आकडाच ते दाखवतो: ब्रिटनचा वार्षिक कोटा तेव्हा 65 हजारांच्या वर होता, आणि भारतीयांचा हिशेब वंशावरून होत होता. वंशाधारित कोट्याची व्यवस्था तशीच ठेवून तिच्यात एक बारीकशी फट पाडायची, एवढेच साधले होते. ती व्यवस्था मोडण्याचे काम 1965 मध्ये झाले, आणि त्या कायद्यावरही सेलर यांचेच नाव आहे. आज अमेरिकेतल्या मराठी घरांपैकी बहुतेकांची वाट त्या दुसऱ्या कायद्यातून गेलेली आहे. पण जे आधीच तिथे राहत होते, शेती करत होते आणि मुलाबाळांना वाढवत होते, त्यांच्यासाठी नागरिकत्वाचा हक्क हाच 1946 च्या कायद्याचा खरा गाभा होता, आणि तो शंभराच्या कोट्यापेक्षा कितीतरी मोठा ठरला.

प्रतिनिधिगृहाने ऑक्टोबर 1945 मध्ये विधेयक मंजूर केले, सिनेटने पुढच्या वर्षी, आणि त्यात फिलिपिनो लोकांचाही समावेश झाला. लूस यांनी 1946 मध्ये पुन्हा निवडणूक न लढवता जानेवारी 1947 मध्ये काँग्रेस सोडली. 1953 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना इटलीत राजदूत नेमले. ट्रिएस्ट शहर कोणाचे, या प्रश्नावर 1954 मध्ये इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यात तडजोड घडवण्यात त्यांचा वाटा होता. पुढे 1964 मध्ये त्यांनी बॅरी गोल्डवॉटर यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची बाजू घेतली, 1983 मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले, आणि ऑक्टोबर 1987 मध्ये त्यांचे निधन झाले.

रोममधील राजदूतपद त्यांनी 1956 च्या अखेरीस सोडले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पंजाबातून आलेले दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून काँग्रेसवर निवडून गेले. बर्कलीतून गणितात डॉक्टरेट घेऊनही त्यांनी इम्पीरियल व्हॅलीत शेती केली होती, आणि लूस-सेलर कायद्यामुळेच 1949 मध्ये ते नागरिक झाले होते. ते डेमोक्रॅट होते, आणि त्यांनी पराभूत केलेल्या रिपब्लिकन उमेदवार म्हणजे नामांकित वैमानिक जॅकलिन कॉक्रन, अर्थात लूस यांच्याच पक्षाची एक स्त्री.