ऑफिसात एआय रुळवताना: विभागप्रमुखांसाठी माहितीपत्रक

कोल्हापूर भागातलं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, इचलकरंजी – कुठल्याही मध्यम कारखान्याच्या ऑफिसात एआय आधीच येऊन बसलेलं असतं. अकाउंटचा माणूस मोबाईलवर इंग्रजी मेल लिहून घेतो, क्वालिटीचा इंजिनिअर रिपोर्ट करून घेतो, आणि दोघंही ते कुणाला सांगत नाहीत. आम्ही कारखान्यांच्या ऑफिसांना एआय वापरायला शिकवतो, म्हणून 'एआय म्हणजे काय' या भाषणात वेळ घालवत नाही. चोरून चाललेला वापर उघड्यावर आणणं आणि त्याला तपासणीची शिस्त लावणं, हे आमचं काम.

पहिली बैठक कर्मचाऱ्यांसोबत होते, साहेब लोकांशिवाय. कोण काय वापरतो, कशासाठी, कुठल्या खात्यावरून, एवढंच विचारतो आणि नावं वगळून तुम्हाला कळवतो. फुकटच्या वैयक्तिक खात्यात टाकलेला मजकूर, सेटिंग बदललेली नसेल तर, बऱ्याच सेवांमध्ये पुढचं मॉडेल शिकवायला वापरला जाऊ शकतो. कंपन्यांसाठीच्या सशुल्क खात्यांत साधारणपणे तसं होत नाही. ग्राहकाचं ड्रॉइंग गोपनीयतेच्या करारावर आलेलं असतं. ते बाहेर गेलं तर 'पोराला माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही. त्यामुळे आधी कंपनीच्या ईमेलवर खाती काढा. चॅटजीपीटी, जेमिनी, कोपायलट, क्लॉड यांपैकी कुठलंही चालेल, पण सुरुवातीला लायसन पाच-सहाच घ्या.

ती कुणाला द्यायची, यात बहुतेक ठिकाणी गफलत होते. कॉम्प्युटरला हुशार म्हणून सगळ्यात तरुण पोराला पुढे केलं जातं. त्याला हे यंत्र, म्हणजे एआय, झटपट येतं, पण उत्तर चुकलेलं कळत नाही. पंधरा वर्षं परचेस बघितलेल्या माणसाला दर वाचताच खटकतं. जाणता माणूस आणि त्याच्या शेजारी तरुण, अशी जोडी लावा.

एका विभागाचं एकच काम

काम असं निवडा जे दर आठवड्याला येतं, ज्याचे जुने नमुने फाईलला आहेत आणि ज्यातली चूक बाहेर जाण्याआधी पकडता येते.

परचेसमध्ये आम्ही कोटेशनच्या तुलनात्मक तक्त्यापासून सुरू करतो. समजा, पिग आयर्नची (ओतकामाचं कच्चं लोखंड) दोन कोटेशन आली. पहिल्यात ४२ रुपये किलो, जीएसटी वेगळा, माल पोहोच. दुसऱ्यात ४८,५०० रुपये टन, १८ टक्के जीएसटी धरून, वाहतूक तुमची. नुसतं 'स्वस्त कोण ते सांग' म्हटलं, तर यंत्र कशाची तुलना कशाशी करेल याचा भरवसा नाही. खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) मिळतं, म्हणून मूळ दर बघायचा. दुसऱ्याचा तो किलोला ४१.१० पडतो. टनाला १,२०० रुपये भाडं धरलं की ४२.३०, म्हणजे पहिलाच स्वस्त. पेमेंटची मुदत अजून बघायचीच आहे.

यासाठी सूचना अशी द्यावी: "जोडलेल्या सर्व कोटेशनमधून दर, एकक, जीएसटी धरून की सोडून, वाहतूक कोणाकडे, पेमेंटची मुदत आणि वैधता हे रकाने भर. प्रत्येक आकड्यापुढे पान क्रमांक लिही. कोटेशनमध्ये नसेल तिथे 'उल्लेख नाही' लिही, अंदाज करू नकोस. कोण स्वस्त ते सांगू नकोस." शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. बेरीज-भागाकार एक्सेलच्या सूत्राने करायचा आणि निवड माणसाने. 'उल्लेख नाही' ही मोकळीक दिली नाही, तर रिकामा रकाना यंत्र खपेल अशा आकड्याने भरून टाकण्याचा धोका असतो. पान क्रमांकामुळे तपासणी पटकन होते. मात्र पान उघडून बघायचंच, कारण तो क्रमांकही चुकीचा असू शकतो.

क्वालिटीत खरा फायदा भाषेचा आहे. सुपरवायझर मराठीत नेमकं सांगतो, ग्राहकाला एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) इंग्रजीत लागतो. पण 'ब्लो होलसाठी (ओतीव नगात वायूमुळे पडलेलं छिद्र) मूळ कारण लिही' असं सांगाल, तर साच्याच्या वाळूतला ओलावा, कमी पोरिंग तापमान (धातू ओततानाचं), वाळूची कमी परमिएबिलिटी (वायू बाहेर जाऊ देण्याची क्षमता) अशी पुस्तकी कारणं छान इंग्रजीत हजर होतात. ऑडिटर त्या दिवशीची ओलाव्याची नोंद मागतो आणि ती मर्यादेत निघते. मग सगळा रिपोर्टच संशयात. आधी हीट नंबर (वितळवलेल्या धातूच्या खेपेचा क्रमांक), तारीख, वाळूच्या चाचण्यांचे आकडे, पोरिंग तापमान, किती नग तपासले आणि किती रिजेक्ट झाले, हे हाताने लिहा. मूळ कारण शॉपफ्लोअरवर, प्रत्यक्ष कामाच्या जागी ठरवा. यंत्राला सांगा की दिलेल्या नोंदींबाहेरचं एकही कारण घालायचं नाही.

अकाउंटमध्ये येणी वसुलीची पत्रं, पार्टीच्या खुलाशाचे मेल, लेजरमधल्या फरकांची यादी ही कामं चांगली होतात. कायद्याचा प्रश्न मात्र यंत्राला विचारून थांबू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. त्याआधीच्या माहितीवर शिकलेलं मॉडेल जुना दर ठामपणे सांगू शकतं. आयकराचंही तसंच: १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू असल्याने जुने कलम क्रमांक उत्तरात येऊ शकतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या बिलांना '४५ दिवस' हे उत्तरही अर्धंच आहे. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची असते.

एचआरमध्ये नोटिसा आणि प्रशिक्षणाची टिपणं करून घ्या. आधार, पॅन, बँक खातं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या चॅटमध्ये टाकू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि जबाबदारी कंपनीवर येते. उमेदवार निवडायचं काम यंत्राकडे देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

इथे हमखास अडतं

जुन्या नोटिसा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसतं, पण पेस्ट केल्यावर रोमन अक्षरांची खिचडी येते. युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरं) बदलूनच वापरा. गेट रजिस्टरच्या फोटोत हाताने लिहिलेले १ आणि ९ एकमेकांत जातात, त्यामुळे नगांची बेरीज रजिस्टरच्या बेरजेशी जुळवा. ०४/०५ ही तारीख ४ मे की ५ एप्रिल, हा घोळ टाळायला महिना अक्षरी लिहा. रकमा लाख-कोटीत हव्यात, हेही सूचनेतच सांगा. मराठी नोटीस फार पुस्तकी उतरत असेल, तर तुमच्या जुन्या दोन नोटिसा नमुना म्हणून जोडा.

सहा आठवडे

पहिले दोन आठवडे काम जुन्याच पद्धतीने करून वेळ लिहायचा. पुढचे दोन, दोन्ही पद्धतींनी. शेवटचे दोन फक्त नव्या पद्धतीने, आणि करणं, तपासणं, दुरुस्त करणं हे तीन वेळ वेगवेगळे लिहून. तपासण्याचा वेळ लपवला की एआय नेहमीच फायद्यात दिसतं. बेरीज जुन्या वेळेपेक्षा कमी येत नसेल, तर ते काम सोडून दुसरं घ्या. आमची फी वसूल व्हावी म्हणून ते ओढत नेण्यात अर्थ नाही. चुकांची एक वही विभागात ठेवा: काय विचारलं, काय आलं, कुणी पकडलं. चूक लिहिणाऱ्याला बोलणी बसली, तर ती वही कोरी राहील आणि वापर परत मोबाईलवर जाईल.

वाचलेल्या वेळाचं काय करणार, हे मालकांनी पहिल्याच आठवड्यात सांगावं. माणसं कमी करायची असतील तर आम्हाला आधी सांगा. ते काम आम्ही घेत नाही. पोट जाणार असं वाटलं, तर कुणी मनापासून शिकत नाही.

पहिल्या भेटीसाठी निवडलेल्या कामाचे पाच जुने कागद, पार्टीची नावं आणि दर खोडून, तयार ठेवा. त्यात नंतर चुकीचा निघालेला एक कागद असू द्या. कुठला ते आम्हाला सांगू नका.