मोपाची फ्लाइट अर्ध्या तासाची की सव्वा तासाची?

गेल्या गणपतीला काका सावंतवाडीहून मला घ्यायला मोपाला, म्हणजे उत्तर गोव्यातल्या एअरपोर्टवर, आले आणि तासभर बाहेर ताटकळले. मुंबईहून चारची फ्लाइट, नेटवरच्या कुठल्यातरी कॅल्क्युलेटरने सांगितलं 386 किलोमीटर, 29 मिनिटं, म्हणून हे साडेचारला हजर. भेटल्याभेटल्या पहिला प्रश्न, "साडेचाराक पोचतलंस म्हणान मी इलंय, मगे तुज्या तिकिटार पाच वीस कित्याक?"

तर हे दोन वेळ वेगळे आहेत आणि जवळपास सगळेच त्यात गल्लत करतात.

कॅल्क्युलेटर काय करतो, दोन एअरपोर्टमधलं सरळ रेषेतलं अंतर घेतो आणि ताशी 800 किलोमीटरने भागतो, बस्स. म्हणजे विमान मुंबईत उभ्या उभ्या 800 च्या स्पीडला पोचलं आणि मोपाच्या सड्यावर त्याच स्पीडने येऊन थांबलं असा हिशोब. खरं तर एवढ्याशा रूटवर विमान वर चढतं आणि थोड्याच वेळात उतरायला लागतं, फुल स्पीड मिळतो तो मधल्या जरा वेळापुरता, शिवाय ते रेघ मारल्यासारखं जात नाही, ठरलेल्या हवाई मार्गाने वळणं घेत जातं. त्यामुळे चाकं उचलल्यापासून चाकं टेकेपर्यंत पाऊण तास तरी धरा. हा झाला हवेतला वेळ. छोटं पंख्याचं एटीआर असेल तर अजून जास्त, कारण त्याचा स्पीडच ताशी 500 च्या आसपास.

तिकिटावरचा वेळ मात्र गेटपासून गेटपर्यंतचा. खिडकीतून बघा कधी, खाली माणूस चाकांपुढचे ठोकळे काढतो आणि ट्रॅक्टर विमान मागे ढकलतो, तिथून घड्याळ सुरू, आणि इकडे मोपाला परत ठोकळे लागले की बंद. मुंबईत दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात, त्यामुळे टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून रनवेकडे सरकत, रांगेत उभं राहण्यातच बराच वेळ जातो, वर कंपन्या थोडा जादा वेळ धरून ठेवतात ते वेगळंच. गंमत म्हणजे पायलटच्या लॉगबुकात फ्लाइट टाइम म्हणून लिहितात तोसुद्धा नुसता हवेतला नसतो, विमान उडायला म्हणून हललं तिथपासून शेवटी थांबेपर्यंतचा असतो. म्हणजे रांगेत उभं राहिलेलंही उड्डाणातच जमा.

अंतराचंही तसंच, पण कोकणात सरळ रेषेच्या भानगडीत कोण पडतो म्हणा. मोपा ते दाबोळी, म्हणजे गोव्याचा दुसरा एअरपोर्ट, सरळ मोजलं तर 40 किलोमीटरसुद्धा नाही, रस्त्याने 60 च्या वर, कारण मध्ये मांडवी आणि झुआरी, आणि दोन्हीकडे पूल असेल तिथूनच जावं लागतं. तिकीट काढताना नुसतं गोवा बघून दाबोळीचं काढलंत तर काय होईल ते सावंतवाडीकरांना सांगायला नको.

काका आता तिकिटावरचा पोचायचा वेळ बघूनच घरातून निघतात. फक्त बॅगेत मखराचं सामान असेल तर बेल्टपाशी आणखी पंधरावीस मिनिटं धरा, ती कुठल्याच हिशोबात नसतात.