वॉशर, नट आणि साडेसहा मीटरचा आरसा

नासाच्या जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या चाचण्या इतक्या का लांबल्या, हे समजून घ्यायचं तर आधी हबल या तिच्या आधीच्या अवकाश दुर्बिणीकडे जावं लागतं. २४ एप्रिल १९९० ला हबल अवकाशात गेली आणि थोड्याच आठवड्यांत चित्रं अंधूक येताहेत हे लक्षात आलं. तिचा २.४ मीटरचा मुख्य आरसा अत्यंत काटेकोर घासला होता, पण चुकीच्या आकारात. कडेला तो सुमारे २.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त सपाट होता.

चूक आरसा मोजणाऱ्या उपकरणात होती. 'नल करेक्टर' नावाच्या त्या यंत्रातली एक लेन्स १.३ मिलिमीटर सरकलेली होती. अंतर मोजण्याच्या दांड्यावर एक टोपी होती आणि तिच्यावर प्रकाश परतू नये म्हणून रंग दिलेला होता. त्या रंगाचा टवका उडाला होता. लेझर दांड्याच्या टोकावरून परतायला हवा होता, तो टोपीवरूनच परतला. आलेल्या मापाप्रमाणे लेन्स बसेना, तेव्हा वॉशर घालून ती बसवली. खरं तर काम तिथेच थांबायला हवं होतं. दुसऱ्या एका करेक्टरने दोष दाखवलाही होता, पण 'ते उपकरण कमी अचूक' म्हणून तो आकडा बाजूला ठेवला गेला. पूर्ण दुर्बिणीची एकत्रित प्रकाशीय चाचणी खर्चामुळे झालीच नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली.

वेबला ही सोय नव्हती. ती राहणार पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. म्हणून एकाच उपकरणाच्या शब्दावर विसंबायचं नाही, महत्त्वाचं माप दोन वेगळ्या मार्गांनी घ्यायचं, हा धडा तिच्या आराखड्यातच आला. पण अडचणीही वेगळ्या होत्या. आरसा साडेसहा मीटरचा, १८ षटकोनी तुकड्यांचा, बेरिलियम या हलक्या धातूचा, आणि काम उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास. खोलीच्या तापमानाला अचूक घासलेला तुकडा थंडीत आकार बदलतो. त्यामुळे अमेरिकेतल्या हंट्सव्हिलच्या शीतकक्षात तुकडा गार करून त्याच्या विकृतीचा नकाशा काढायचा आणि परत आणून त्याच्या नेमका उलट घासायचा. म्हणजे इथे वाकडा, तिथे सरळ! प्रत्येक तुकड्यामागे सात अ‍ॅक्च्युएटर, म्हणजे तुकडा हलवणारी छोटी यंत्रं: सहा जागा आणि कल जुळवायला, एक वक्रता बदलायला.

२०१० मध्ये स्वतंत्र समितीने बोट ठेवलं ते तंत्रज्ञानावर नव्हे, अंदाजपत्रकावर आणि व्यवस्थापनावर. २०११ मध्ये वेळापत्रक नव्याने आखलं गेलं. मग जोडणी झाली आणि चाचण्यांनी आपले रंग दाखवायला सुरुवात केली. डिसेंबर २०१६ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात कंपन चाचणी सुरू असताना सेन्सरनी अनपेक्षित हालचाल नोंदवली. आरशाचा पंख, म्हणजे उड्डाणासाठी दुमडलेला बाजूचा भाग, धरून ठेवणाऱ्या पकडींमध्ये अगदी सूक्ष्म सरक होत होती. २०१७ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनच्या 'चेंबर ए' या प्रचंड निर्वात कक्षामध्ये सुमारे शंभर दिवस शीत चाचणी चालली. मध्येच हार्वे वादळ आलं, तरी ती थांबवली नाही. हबलच्या वेळी राहून गेलेली गोष्ट, म्हणजे प्रकाश आरशांवरून थेट उपकरणांपर्यंत नेऊन पाहणं, इथे झाली.

खरी डोकेदुखी ठरली सूर्यढाल, म्हणजे दुर्बिणीला सूर्याच्या उष्णतेपासून वाचवणारा घडी घातलेला पडदा. कॅप्टॉन नावाच्या पातळ प्लास्टिकचे पाच थर, सूर्याकडचा ५० मायक्रॉन, बाकीचे २५. जमिनीवर उलगडताना गुरुत्वाकर्षण थरांना खाली ओढतं, त्यामुळे भार दोऱ्यांनी वरून पेलावा लागतो. उलगडून पाहिलं तर झीज, न पाहिलं तर धोका. २०१७ मध्ये उलगडताना थर काही ठिकाणी फाटले. त्याच वर्षी कळलं, की थ्रस्टरच्या, म्हणजे दिशा-जागा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह चुकीच्या द्रावकाने धुतल्याने खराब झाल्या आहेत. उड्डाणाचा आवाज झेपतो का हे पाहणाऱ्या २०१८ च्या ध्वनी चाचणीनंतर ढालीच्या आवरणाचे स्क्रू आणि वॉशर निखळून पडलेले सापडले. पडद्याला इजा होऊ नये म्हणून बसवणीत बदल केला होता, त्याने नटांची पकड कमी पडली. कागदावर तो बदल सुरक्षिततेसाठीच होता.

त्याच वर्षी टॉम यंग यांच्या स्वतंत्र आढावा समितीने ३२ शिफारशी केल्या आणि ३४४ अशा जागा मोजल्या, जिथे एक बिघाड मोहीम संपवू शकतो. उड्डाण आधी मार्च २०२१ वर आणि शेवटी २५ डिसेंबर २०२१ वर गेलं. ४ जानेवारी २०२२ ला पाचही थर ताणून झाले, ८ तारखेला आरशाचा दुसरा पंख जागेवर बसला.